कारच्या बॅटरीवर मोटर फिरेल, पण मिरचीला पाणी मिळेल का?

लाइट गेलीय. मिरचीला पाणी द्यायचंय. अंगणात गाडी उभी आहे आणि तिच्यात चांगली चार्ज झालेली बॅटरी आहे. मग या बॅटरीवर पंपाची मोटर का चालवू नये? वाणगाव, बोईसर, डहाणू पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये हा प्रश्न कुणाला ना कुणाला पडतोच. यूट्यूबवर शोधलं तर ‘हो, चालते’ असं दाखवणारे व्हिडिओही सापडतात. दोन वायर जोडल्या, मोटर फिरली, व्हिडिओ संपला.

व्हिडिओ जिथे संपतो, तिथून खरा प्रश्न सुरू होतो. मोटर किती वेळ फिरेल? तेवढ्या वेळात किती पाणी येईल? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईल का?

थोडक्यात उत्तर असं: कारच्या बॅटरीवर छोटी १२ व्होल्टची मोटर आरामात चालते. विहिरीवरचा किंवा बोअरचा पंप मात्र तिच्यावर चालवणं म्हणजे बॅटरीचा जीव घेणं. असं का, हे आकड्यांत समजून घेऊ. आणि हा प्रश्न शेतकऱ्याला पडावाच का, यावरही बोलू.

कारमध्ये बॅटरी आलीच मोटरसाठी

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. हँडल उलटं फिरलं की हात मोडायचा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी यावर इलेक्ट्रिक स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. म्हणजे इंजिनाला धक्का देणारी एक छोटी मोटर आणि तिला वीज देणारी बॅटरी. आजही तुम्ही चावी फिरवता किंवा बटण दाबता, तेव्हा कारची बॅटरी एक इलेक्ट्रिक मोटरच फिरवत असते.

ही स्टार्टर मोटर शंभर ते दोनशे अँपिअर, कधी त्याहून जास्त करंट ओढते. आकडा मोठा वाटतो, पण काम दोन-तीन सेकंदांचं असतं. दोनशे अँपिअर तीन सेकंद ओढले, तरी ३५ एएचच्या बॅटरीतला अर्धा टक्कासुद्धा खर्च होत नाही. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तो खर्च लगेच भरून काढतो.

कारची बॅटरी याच कामासाठी घडवलेली असते. तिच्या आत शिशाच्या पातळ आणि भरपूर प्लेट असतात, कारण प्लेटचा पृष्ठभाग जितका जास्त, तितका झटक्यात मिळणारा करंट जास्त. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत प्लेट जाड असतात. ती झटका कमी देते, पण तासन् तास काम करते आणि पुन्हा पुन्हा चार्ज होते. कारची बॅटरी शंभर मीटरची धावपटू आहे, ट्युब्युलर बॅटरी डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई आहे. धावपटूच्या डोक्यावर हंडा दिला, तर दोष धावपटूचा नसतो.

लेबलवरचा आकडा काय सांगतो?

छोट्या कारच्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ३५ एएच असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला की ४२० वॅट-तास होतात. म्हणजे मीटरच्या भाषेत अर्ध्या युनिटहूनही कमी. संपूर्ण बॅटरीत एवढीच वीज असते.

त्यातही एक मेख आहे. हे ३५ एएच साधारणपणे वीस तासांच्या हिशोबाने मोजलेले असतात. सतत पावणेदोन अँपिअर असा हळूहळू करंट ओढला, तर बॅटरी वीस तास पुरेल, असा त्याचा अर्थ. करंट वाढवला की नुसता वेळच कमी होत नाही, बॅटरीतून मिळणारी एकूण वीजही घटते. प्लेटमधली रासायनिक क्रिया त्या वेगाला पुरी पडत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत डीसी मोटरची समीकरणं पाठ होतात, पण दुकानात उभं राहून हे लेबल कसं वाचायचं, ते कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

एक अश्वशक्तीचा पंप जोडला तर?

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. हे मोटरच्या दांड्यावर मिळणारं काम झालं. छोटी सिंगल फेज मोटर त्यासाठी साधारण अकराशे वॅट ओढते. ही मोटर एसीवर चालते, बॅटरी डीसी देते, म्हणून मध्ये इन्व्हर्टर आला. त्याची घट धरली की बॅटरीवर तेराशे वॅटचा भार पडतो. तेराशे भागिले बारा, म्हणजे जवळपास ११० अँपिअर.

हे झालं मोटर सुरळीत फिरत असतानाचं. सुरू होताना ती काही क्षण याच्या पाच-सहा पट करंट मागते. घरातला साधा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

समजा, मोठा इन्व्हर्टर आणला आणि पंप सुरू झाला. तरी ११० अँपिअरला ३५ एएचची बॅटरी सात-आठ मिनिटांत पूर्ण रिकामी होते. पंधरा मीटर खोलीवरून तेवढ्या वेळात, सगळं नीट जमलं तर, साधारण हजार लिटर पाणी येईल. एका गुंठ्यावर हे पाणी पसरलं, तर थर भरतो एक सेंटीमीटरचा. एका गुंठ्याला एक सेंटीमीटर पाणी आणि बॅटरी खलास.

आता पैशांचा हिशोब. चार हजार रुपयांची बॅटरी अशी पूर्ण रिकामी करत गेलात आणि समजा ती पन्नास वेळा टिकली. प्रत्येक वेळी फार तर ०.२ युनिट. पन्नास वेळचे झाले दहा युनिट. म्हणजे एका युनिटला चारशे रुपये. चार्जिंगचा आणि इन्व्हर्टरचा खर्च यात धरलेलाच नाही. डिझेल पंप यापुढे दानशूर वाटेल.

‘मग इंजिन चालू ठेवून पंप चालवू’ असंही काही जण सुचवतात. उभ्या गाडीत, मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेने करंट देत नाही. दहा-वीस अँपिअरच्या कामाला तो पुरेल. ११० अँपिअरला पुरणार नाही, आणि पेट्रोल जळेल ते वेगळंच.

तेच पाणी, पण हळू

इथे एक गंमत आहे. हजार लिटर पाणी पंधरा मीटर वर उचलायला निसर्गाच्या हिशोबाने फक्त ४१ वॅट-तास ऊर्जा लागते. आपल्या बॅटरीत होते ४२०. मग बाकीची गेली कुठे? इन्व्हर्टरमध्ये, मोटरच्या उष्णतेत, पंपाच्या घर्षणात आणि सगळ्यात जास्त म्हणजे बॅटरीतून घाईघाईने वीज ओढण्यात.

आता तीच बॅटरी शंभर वॅटच्या १२ व्होल्ट डीसी पंपाला जोडली, असं धरा. इन्व्हर्टर लागत नाही. करंट आठ-नऊ अँपिअर. पाणी येईल मिनिटाला बारा लिटर, म्हणजे बारीक धार. पण दीड तासात हजार लिटरचा पल्ला गाठला जाईल आणि बॅटरी अर्धी शिल्लक असेल. ठिबकवर असलेल्या मिरचीला या बारीक धारेचं वावडं नसतं. ती धार टाकीत साठवा आणि टाकीतून ठिबकला सोडा.

बॅटरीवर मोटर चालवायची असेल, तर पहिला नियम हाच: मोटर छोटी घ्या आणि वेळ जास्त द्या.

कुठली मोटर चालते, कुठली नाही?

वाणगावच्या शेतकऱ्याकडे या नियमात बसणारं यंत्र आधीच आहे. पाठीवरचा बॅटरी स्प्रे पंप. त्याच्या आत ८ किंवा १२ एएचची १२ व्होल्ट बॅटरी आणि एक छोटी डीसी मोटर असते. ती दोन ते चार अँपिअर घेते. फवारणीच्या ऐन दिवशी आतली बॅटरी बसली, तर कारच्या बॅटरीवरून हा पंप चार-पाच तास सहज चालेल. फक्त ती बॅटरी पाठीवर घेऊन फिरता येणार नाही. बांधावर ठेवून लांब वायर घ्यावी लागेल.

भंगारात मिळणारी वायपरची मोटर, रेडिएटरच्या पंख्याची मोटर, १२ व्होल्टचे छोटे पाण्याचे पंप, हे सगळं चालतं. रेडिएटरचा पंखा मात्र दहा-वीस अँपिअर घेतो, त्यामुळे भात उफणायला तो लावला तर तासाभराच्या आत बॅटरी आटोपती घ्या.

घरचा मिक्सर, टाकीवर पाणी चढवणारी मोटर, बोअरचा पंप ही एसी यंत्रं आहेत. टाकीच्या किंवा बोअरच्या मोटरला बॅटरी थेट जोडली, तर ती फिरणार नाही. जागच्या जागी तापेल. थ्री फेज मोटरचा तर विचारच सोडा.

वायर, फ्यूज आणि ठिणगी

‘बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, मग भीती कसली?’ हे अर्धसत्य आहे. शॉक लागत नाही, आग मात्र लागते.

फिरणारी मोटर थोडी जनरेटरसारखी वागते आणि येणाऱ्या करंटला उलटा विरोध करते. म्हणून दहा अँपिअरची मोटर दहाच अँपिअर घेते. पण पंपात कचरा अडकून मोटर थांबली की तो विरोध नाहीसा होतो. मोटरच्या वायंडिंगचा रोध ०.१ ओहम असेल, तर करंट एकदम १२० अँपिअरच्या दिशेने उसळतो. कारची बॅटरी एवढा करंट द्यायला तयारच बसलेली असते, तो तर तिचा धर्म आहे. आधी वायर वितळते, मग बाकीचं.

म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ हवा. दहा अँपिअरच्या मोटरला पंधराचा फ्यूज. वायर जाड आणि शक्य तेवढी आखूड घ्या. बारा व्होल्टमधले दोन व्होल्ट लांब बारीक वायरमध्येच गेले, तर मोटर कण्हत फिरते.

भिंतीवरचा साधा स्विच डीसीला वापरू नका. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विचमधली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी टिकून राहते आणि स्विच चिकटतो. गाडीत वापरतात तो डीसी स्विच किंवा रिले घ्या.

चार्जिंग करताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद खोलीत, चुलीजवळ, खताच्या गोणींशेजारी ती ठेवू नका. दोन बॅटऱ्या जोडायच्या असतील, तर एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडल्यावर २४ व्होल्ट होतात, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्यावर व्होल्ट तेच राहून वेळ दुप्पट मिळतो. नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जोडू नका, जुनी नवीला घेऊन बुडते.

आणि बॅटरी मेली तर ती उघडून आम्ल वाडीत ओतू नका. शिसं विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानात जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत सूटही मिळते.

फुकुशिमात गाड्यांच्या बॅटऱ्या का काढल्या?

बॅटरीची ताकद आणि मर्यादा, दोन्ही एका मोठ्या अपघातात जगाने पाहिल्या. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात जवळपास सगळी वीज गेली. तिथल्या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या होत्या. वाणगावच्या शेजारी तारापूरला १९६९ पासूनची जी पहिली दोन युनिट आहेत, तीही याच प्रकारची. अणुवीज केंद्रात आणीबाणीसाठी मोठ्या बॅटऱ्या असतातच, पण फुकुशिमात पाणी शिरून काही निकामी झाल्या आणि काही नंतर संपल्या.

तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टवर पाण्याच्या पातळीचे मापक पुन्हा सुरू केले. दहा बॅटऱ्या ओळीने जोडून १२० व्होल्ट तयार केले आणि दाब सोडणाऱ्या झडपांना वीज दिली. एवढं कारच्या बॅटऱ्यांना जमलं, कारण मापक आणि झडप यांना करंट थोडा लागतो.

भट्टीत पाणी ढकलण्याचं काम मात्र त्या बॅटऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी इंजिनावर चालणारे अग्निशमन दलाचे बंब लावावे लागले. जगातल्या सगळ्यात बिकट प्रसंगातही हिशोब तोच राहिला: बॅटरीवर संदेश जातो, झडप उघडते, दिवा लागतो. टनावारी पाणी उचलायला दुसरं काहीतरी हवं.

वीज शेजारी, अंधार घरी

आता मूळ मुद्दा. तारापूरची तिसरी आणि चौथी युनिट प्रत्येकी ५४० मेगावॅटची आहेत. डहाणूचं औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचं. दोन्हींच्या मध्ये वाणगाव. एवढी वीज दोन बाजूंना तयार होत असताना इथल्या शेतकऱ्याने गाडीच्या बॅटरीकडे आशेने का बघावं?

वीज कुठे तयार होते यापेक्षा शेवटच्या खांबापर्यंत ती कशी पोहोचते, हे महत्त्वाचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि पालघर जिल्ह्याने विजेविना राहणं काय असतं ते अनुभवलं. मोठं वादळ सोडा, पहिल्या वळवाच्या सरीत फांदी तारेवर पडली तरी पंप थांबतो. मिरची ताण सहन करत नाही. फुलं गळली की तो तोडा गेला.

सरकारने काही केलेलं नाही, असं म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनाही आली. तिच्यात शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के वाटा भरायचा. पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात ही सवलत मोठी आहे. सौरपंपाचं गणितही चोख आहे. बॅटरी टाळायची, ऊन असताना पाणी उपसायचं आणि साठवायचंच तर पाणी साठवायचं.

पण योजनेतला सगळ्यात छोटा पंप तीन अश्वशक्तीचा आहे. तो मिळायला सातबारा हवा, शाश्वत पाण्याचा स्रोत हवा. दहा-वीस गुंठे दुसऱ्याची जमीन कसायला घेऊन मिरची लावणाऱ्याकडे यातलं काय असतं? मोफत विजेचा फायदा घ्यायला आधी जोडणी हवी. पाठीवरचा स्प्रे पंप आणि तीन अश्वशक्तीचा सौरपंप यांच्या मधली जागा पूर्ण रिकामी आहे. कारच्या बॅटरीचा जुगाड याच रिकाम्या जागेत उगवतो.

माझ्या मते ती जागा भरणं अवघड नाही. एक अश्वशक्तीच्या आतला, हलवता येणारा डीसी पंप, एक-दोन सौर पॅनेल आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची छोटी बॅटरी, असा संच योजनेत घ्यावा. ही बॅटरी महाग असते, पण तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते आणि ती हजारो वेळा चार्ज होते. संच बचत गटाच्या किंवा शेतकरी गटाच्या नावावर द्यावा, म्हणजे सातबाऱ्याची अट आड येणार नाही. दहा जणांनी आळीपाळीने वापरला तरी चालेल, कारण तो उचलून नेता येतो.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. बॅटरीवर मराठीत ठळक लिहा: ‘फक्त गाडी सुरू करण्यासाठी’ किंवा ‘दीर्घ वापरासाठी’. आज हा फरक दुकानदाराच्या मर्जीवर समजतो. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये या विषयाचं एक दिवसाचं प्रात्यक्षिक झालं, तर बऱ्याच बॅटऱ्या, वायरी आणि कदाचित एखादं घर वाचेल.

तोवर लक्षात ठेवण्यासारखं एवढंच. मोटर जोडण्याआधी तिच्या प्लेटवरचे वॅट वाचा आणि बाराने भागा. उत्तर दहा अँपिअरच्या आत आलं, तर फ्यूज लावून बिनधास्त चालवा आणि बॅटरी अर्धी झाली की थांबा. उत्तर पन्नास-शंभरच्या घरात गेलं, तर वायर खाली ठेवा. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर दारातली गाडी सुरू व्हायला हवी. त्या बॅटरीचं खरं काम ते आहे.